उबेत ठेवलेलं यीस्ट

तरुणपणी मी यीस्टला इडलीच्या पिठासारखं वागवलं आणि त्यातून एक शोध लावला. शोध खोटा होता, पण मान काय ताठ होती माझी! महिन्यापूर्वी अंबत्तूरहून कमलाक्कांच्या भाचीचा फोन आला, “अक्का गेल्या, झोपेतच...” तेव्हा डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला तो शोधच आठवला.

कमलाक्का चेन्नईतल्या आमच्या प्रयोगशाळेत सर्वांत वरिष्ठ. त्यांची मराठी तंजावरकडची, तमिळच्या चालीवर. मी सांगलीहून नुकतीच आलेली, म्हणजे अर्थातच सर्वज्ञ. यीस्टमध्ये काही उड्या मारणारे जनुकीय तुकडे असतात. ते आपली नक्कल काढून गुणसूत्रावर दुसरीकडे नेऊन बसवतात. तुकड्यातलं डीएनएचं एखादं अक्षर बदललं तर उडी थांबते का, हे मला पाहायचं होतं. ज्या पेशीत उडी पडेल, तिचाच प्लेटवर ठिपका उगवेल अशी सोय होती. माझं बदललेलं यीस्ट गार खोलीत फारच हळू वाढत होतं. मला आपली त्याची दया आली! उचलून उबदार कपाटात ठेवलं. साधं यीस्ट राहिलं गारव्यातच. साध्याचे ठिपके उगवले. माझं तर मस्त तरारलं, पण ठिपका एक नाही. झालं! या बदलानं उडी थांबते, असं मी जाहीरच केलं. सेमिनार ठरला. फेलोशिप वाढणार की मी सांगलीला जाऊन बोहल्यावर चढणार, ते त्यावरच होतं.

आदल्या दुपारी अक्कांनी सहज विचारलं, “काय गं, दोन्ही एकाच जागी होती ना?”

“नाही अक्का, माझं उबेत. वाढतच नव्हतं बिचारं.”

“अय्यो! ऊब यीस्टला आवडते गं, उडीला नाही. उबेत साधंसुद्धा बसून राहील.”

“कुणाला सांगू नका ना...”

“मी कशाला सांगू? बोलायचंय तुला.”

परत करून बघायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी उभी राहिले आणि इडलीच्या पिठासकट सगळं सांगून टाकलं. सभागृह खदखदून हसलं. (पुढे दोन्ही गारव्यात ठेवली, तर माझ्या बदललेल्यानंही खुशाल उड्या मारल्या. फेलोशिपही वाढली, म्हणून तर आज माझी नातवंडं तमिळमध्ये भांडतात.) पण त्या दिवशी मी जिन्यात बसून सांगलीच्या गाडीच्या वेळा आठवत होते. अक्का आल्या, गुडघा धरत शेजारी टेकल्या, आणि म्हणाल्या, “उद्यापासून गार खोलीची किल्ली तू ठेव. ती खोली कशाला आहे, ते आता तुला कळलंय.”