पुसलेला फोन

पाच-सहा वर्षं मी नाशिकच्या एका प्रयोगशाळेत जप्त केलेले फोन तपासते आणि कोर्टासाठी अहवाल लिहिते. भाषा ठरलेली असते: 'आढळून आले' किंवा 'आढळून आले नाही'. रागाला तिथे जागा नाही, आणि माझं डोकं तर लगेच तापतं.

तो फोन नामपूरकडच्या एका कॉलेजातल्या मुलीचा होता. ओळखीतलाच एक माणूस तिला तिचेच फोटो पाठवून धमकावत होता. तिनं धीर करून तक्रार दिली. त्याचा फोन म्हणे धरणात पडला. सगळी भिस्त हिच्या फोनवर, आणि तो कोरा करकरीत निघाला. तक्रारीनंतर दोन दिवसांनी कुणीतरी तो रिसेट केला होता. मी मनातल्या मनात त्या पोरीवरच चिडले.

मग एके दिवशी तिचे वडील गेटवर येऊन उभे राहिले. पक्षकारांशी आम्ही बोलायचं नसतं. तरी मी थांबले.

"ताई, त्यो मीच पुसला," ते म्हणाले. "फोन पोलिसात जमा करायच्या आधी. तिथं चार गडी पोरीचे फोटो बघतील. तुमच्या मशिनीत पुसलेलं परत येतं म्हणे, मोबाईलवाला बोलला. तुम्ही बाईमाणूस, तुम्ही बघितलं तर चालंल."

"या फोनमधलं नाही येत, काका."

ते म्हणाले, "मंग पुसल्याचं तरी लिहू नका. पोरीवर येईल."

मला लिहावंच लागलं, तारीख-वेळेसकट. कुणी पुसला आणि का, हे फोनमध्ये उमटत नाही. वडिलांनी कोर्टात खरं सांगितलं, पण मुलीसाठी बाप काहीही सांगेल, असं आरोपीचे वकील म्हणाले. मग त्यांनी माझ्याच अहवालातली ओळ मोठ्यानं वाचली.

"धमकीचा एकही मेसेज सापडला नाही. हो की नाही?"

"फोन रिसेट झाल्यामुळे..."

"हो की नाही, तेवढंच सांगा."

"नाही सापडला."

इतकी हतबल मी कधीच नव्हते. बाहेर आले तर ती मुलगी माझ्याकडेच येत होती. बोल लावेल असं वाटलं, आणि लावला असता तर मी ऐकून घेतला असता.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "पप्पांना एकदा सांगाल का, की तुमचं मशीनच खराब होतं? ते जेवत नाहीयेत."

मी हो म्हणाले आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या त्यांच्याकडे चालू लागले.