थंड जागी ठेवावे

सर्दी-खोकल्याचं गिऱ्हाईक मेडिकलमध्ये येतं, गोळी घेतं आणि जातं. शुगर-बीपीवालं येतं ते कायमचं. दर महिन्याला त्याच गोळ्या, तीच कुरकुर आणि सोबत एखादा नवा किस्सा. पनवेलच्या मासळीबाजारापासून चार पावलांवर माझं दुकान, वर डॉक्टर मॅडमचा दवाखाना. किस्से गोळा करायला मला कुठे जावं लागत नाही. काउंटरमागे उभं राहिलं की पुरे.

*

लेलेकाका नवीन पनवेलचे, बँकेतून रिटायर झालेले. शुगरची टेस्ट म्हणजे त्यांना बोर्डाची परीक्षा. आठवडाभर आधीपासून भात बंद, चहा बिनसाखरेचा, सकाळी वडाळे तळ्याभोवती फेऱ्या. रिपोर्ट अर्थातच झकास. तो हातात पडला की काका थेट मिठाईच्या दुकानात.

एकदा मॅडमनी वेगळीच टेस्ट लिहून दिली. मागच्या तीन महिन्यांची साखर सांगणारी. काकांनी मला विचारलं, "म्हणजे गणपतीचे दिवस पण त्यात येणार?"

"मोदकांसकट," मी म्हटलं.

काकांनी चिठ्ठीची नीट घडी केली आणि खिशात घातली. "मग होळीच्या आधी बघू. आत्ता उगाच कशाला मागचं उकरायचं!"

*

गोळ्यांनी बीपी नॉर्मल आलं, म्हणून काकांनी गोळ्या सोडल्या. "नॉर्मल माणूस कधी गोळ्या घेतो का?" हा त्यांचा बिनतोड मुद्दा. पुढे सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडता भांडता कोसळले, ते थेट आयसीयूत.

बरे होऊन आले तेव्हा मी म्हटलं, "काका, त्या हॉस्पिटलच्या बिलात जन्मभराच्या गोळ्या आल्या असत्या."

"आल्या असत्या. पण बिल इन्शुरन्सने भरलं," काका म्हणाले. "गोळ्यांचे पैसे देतो का तो?"

 

*

श्रावणात काकांनी व्हिटॅमिनची कॅप्सूल उजेडात धरून विचारलं, "ही शाकाहारी आहे ना? वरचं आवरण कशाचं असतं कोण जाणे."

शेजारी कुंदाताई उभी होती. उरणच्या बाजूची कोळीण, बाजारात तिचा ओटा आहे. तिने मान वाकवून कॅप्सूल निरखली. "काटा नाय तिला. खावा बिनधास्त."

*

कुंदाताईला शुगर. गोळ्या लिहिलेल्या दिवसाला दोन, पण तिची शुगर काही हलेना. मॅडमनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, सकाळची गोळी ती घेते आणि संध्याकाळची तिचा नवरा धर्मा. त्यालाही घेरी यायची, लघवीला सारखं उठावं लागायचं. लक्षणं तीच, मग औषधही तेच. एका फीमध्ये दोघांचं काम.

"अगं, त्याला वेगळं दाखवायला नको का?" मॅडम चिडल्या.

"आमी येका ताटान जेवतो," कुंदाताई म्हणाली. "मंग डॉक्टर येगला कशाला?"

*

ही सगळी हसण्यावारी नेण्याची गंमत, कुंदाताईच्या पायात शिंगाळा माशाचा काटा घुसेपर्यंत. काटा निघाला, जखम राहिली. मासळीबाजारात पाय दिवसभर ओलाच. अंगठा सुजला, मग काळपट झाला. मॅडमनी इन्सुलिन सुरू केलं, पेनासारख्या सुईने स्वतःच टोचून घ्यायचं. शुगर उतरेना, डोस वाढवला. तरी उतरेना. पेनावर पेन संपत होतं, धर्माने होडीच्या दुरुस्तीसाठी ठेवलेले पैसे माझ्या गल्ल्यात येत होते, आणि मला ते घेताना बरं वाटत नव्हतं. शेवटी मॅडम म्हणाल्या, सर्जनला दाखवू, अंगठा बहुतेक काढावा लागेल.

कुंदाताई खाली येऊन माझ्या बाकड्यावर बसली. "बाय, पाटी डोक्यावर घेवाला सगला जोर अंगठ्यावं येतो. त्यो गेला तं मी धंदा कसा करू?"

 

*

सर्जनची तारीख ठरली त्या आठवड्यात मी बांगडे घ्यायला तिच्या ओट्यावर गेले. तिने बर्फाच्या पेटीत कोपरापर्यंत हात घातला. आधी सुरमई निघाली, मग पापलेटं, आणि मग इन्सुलिनचं पेन.

"हे इथे काय करतंय?"

"तुमीच बोल्लाव ना, थंड ठेवा. मी फाटेचीच घरानशी निंगतां, सुई हितंच टोचतां." माझा चेहरा बघून तिला संशय आला. "मासली ताजी ऱ्हाते, मंग औषद का नाय ऱ्हानार?"

इन्सुलिन एकदा गोठलं की संपलं. इतके दिवस ती इमानेइतबारे निकामी औषध टोचून घेत होती आणि मॅडम इमानेइतबारे त्याचा डोस वाढवत होत्या. बांगडे राहिलेच, मी तशीच जिना चढून मॅडमकडे गेले.

*

मॅडमनी सर्जनकडून थोडी मुदत मागून घेतली. पेन नवीन, डोस पुन्हा पहिल्यापासून. तिचं पेन माझ्या फ्रिजमध्ये, ती रोज सकाळी येऊन दुकानातच टोचून घेई. पाय कोरडा राहावा म्हणून गमबूट. बाजारात त्यावरून पुष्कळ हसले लोक. धर्माचाही स्वतंत्र केसपेपर निघाला, स्वतःच्या गोळ्या सुरू झाल्या.

जखम भरत आली. सर्जनने पाय उलटसुलट करून बघितला आणि सांगितलं, कापायला नको. कुंदाताईने त्या दिवशी मॅडमना हलवा पाठवला. मासा, मिठाई नव्हे. मला तर रडूच आलं, ते मी शटर अर्धं ओढून उरकलं.

*

परवा रस्ता खोदताना कुणीतरी केबल तोडली आणि भर दुपारी बाजारपेठेची लाइट गेली. लवकर येण्याचं लक्षण नव्हतं. फ्रिज इन्सुलिनने भरलेला, बाहेर मे महिना. मी कुंदाताईला फोन केला.

ओटा शेजारणीवर सोपवून ती रिक्षाने आली. पायात गमबूट, बगलेत जुन्या लुगड्याच्या कोरड्या घड्या. मागे धर्मा, डोक्यावर बर्फाची पेटी. धर्माने पेटी टेकवली, फ्रिजमधून दोन खोकी उचलली आणि बर्फात खोल खुपसायला लागला.

कुंदाताईने त्याच्या हातावर फटका मारला.

"मासली हाय का ती?"