आजोबांच्या फुप्फुसातलं पाणी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे परळच्या आमच्या हॉस्पिटलात वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आयसीयूत डॉक्टर म्हणून वीस वर्षं काढली, पण तो काही उतरला नाही. त्या रागापायी एकदा एका म्हातारीला मी जे बोलले, ते आठवलं की अजून जीव कसनुसा होतो.

तिचा नवरा आमच्याकडे होता. लालबागच्या चाळीतले आजोबा, उभा जन्म गिरणीत माग चालवलेले. हृदय थकलेलं, त्यामुळे फुप्फुसांत पाणी साचत होतं. तोंडावर घट्ट मास्क बांधून मशीनने हवा द्यावी लागे. मास्कवर निभावलं तर ठीक, नाहीतर घशात नळी घालायची. आणि असं हृदय असताना एकदा नळी घातली की ती परत निघेल याची खात्री मला नव्हती. नळी टाळायची, एवढाच माझा ध्यास होता.

रोज सकाळी मी सोनोग्राफीचं छोटं मशीन त्यांच्या खाटेशी ओढून न्यायचे. पहिल्या दिवशी आजींनी तोंडाला पदर लावला. "ह्या वयात सोनोग्राफी? लोक काय म्हणतले गो बाय!" मास्कच्या आत आजोबा हसले आणि हवेच्या मशीनने लगेच अलार्म वाजवला. मग मी आजींना पडदा दाखवला. दोन बरगड्यांच्या मधे सोनोग्राफीचा दांडा टेकवला की फुप्फुसाचं आवरण दिसतं, श्वासागणिक पुढे-मागे सरकणारं. त्याच्याखाली पांढरे पट्टे उतरले असले की समजायचं, पाणी आहे. पट्टे कमी, पाणी कमी. आजींना हे एका दमात कळलं. आमच्या शिकाऊ डॉक्टरांना आठवडा लागतो.

पाणी उतरवायची औषधं लागू पडली. तिसऱ्या सकाळी पट्टे इतके विरळ झाले की मी म्हटलं, "आजी, दोन दिवसांत मास्क काढू." त्यांनी तिथल्या तिथे हात जोडले.

चौथ्या सकाळी पडदा पुन्हा पांढरा. पाचव्या सकाळी त्याहून पांढरा. मी औषध वाढवलं, सलाईन कुणी जास्त सोडलं म्हणून सिस्टरांवर डाफरले. कुणीच सोडलं नव्हतं. आजोबांना धाप लागलेली, कपाळावर घाम. नळीची तयारी करा, असं सांगून मी मास्कची पट्टी नीट करायला वाकले आणि नाकात वास शिरला. सुकटीचा! माझं आजोळ मालवणकडचं, भाजलेली सुकट मला कुणी ओळखून द्यायला नको.

जेवणाच्या वेळी आम्ही दहा मिनिटं मास्क काढायचो, तेव्हा आजी त्यांना पेज भरवायच्या. पेज आमच्या किचनची, बिनमिठाची. तिच्यात आजींच्या पिशवीतल्या डबीतली सुकटीची चटणी मिसळली जात होती, आणि त्या खारटपणाने पाणी धरून ठेवलं होतं.

"आळणी पेज तेंच्या गळ्याखाली उतरना नाय," आजी म्हणाल्या. "तुमीच बोललात ना, मास्क निघतलो? म्हटलं, आता बरे होतत, जरा चवीचा खाऊंदे."

मी ओरडले. अख्ख्या आयसीयूसमोर. "तुम्ही तुमच्या हातांनी त्यांना बुडवताय, कळतंय का?"

आजींनी डबी माझ्या हातात दिली आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या. खरं सांगायचं तर मीठ चालणार नाही हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. पट्टे हौसेने दाखवले, मीठ राहून गेलं. त्याच दुपारी हे माझ्या लक्षात आलं, पण माफी मागायला जीभ उचलली नाही.

नळी घालावी लागली नाही. औषधं तीच ठेवली, चटणी बंद झाली आणि पट्टे रोज थोडे थोडे ओसरत गेले. आजी आता फक्त पडद्याकडे बघायच्या, माझ्याकडे नाही. पेज भरवायच्या आणि भिंतीला धरून धरून निघून जायच्या. काळजीने खचल्यात, असं मला वाटलं.

आठ दिवसांनी मास्क कायमचा काढला. आजोबांनी चार श्वास घेतले, घसा खाकरला. आता हे सुकट मागणार, मी मनात म्हटलं, आणि नाही म्हणायची तयारीही केली.

"डाक्टर," ते म्हणाले, "हिका जरा सांगा. तुमी बोललात त्या दिसापासून हिणा मीठ सोडल्यान हा. चक्कर येता तिका. माझा ऐकना नाय, तुमचा ऐकतली."

आजी मान खाली घालून उभ्या होत्या. "माझ्याच हातान झाला ना," त्या म्हणाल्या. "मग माझ्या तोंडाक तरी मीठ कित्याक?"

मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर ओरडले होते, रडलेही सगळ्यांसमोरच. त्यांचे हात धरून म्हटलं, "आजी, तुमचं काही चुकलं नाही. मी सांगायला विसरले आणि वर तुम्हालाच बोलले. माफ करा मला."

आयसीयूत नातेवाइकांनी जेवायचं नाही, हा नियम माझाच. तरी कँटीनमधून डाळभात मागवला आणि त्यांना खाटेशेजारी बसवून जेवू घातलं. उशीला टेकून आजोबा त्यांचा एकेक घास बघत होते.