मसाटच्या आवारातला नांगराचा रहाट

मी फिटर माणूस. भूत, करणी, बाहेरचं... असलं कोणी बोललं की माझं डोकं फिरतं. तसं ते फिरायला फार कारण लागतही नाही. तरी हे लिहितोय, कारण यात माझ्या सख्ख्या भावाचा हात गेला.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघे धुळ्याकडचे, सिल्वासाजवळ मसाटच्या एका कारखान्यात कामाला. शेठने दमणहून मोडीत निघालेल्या गलबताचं सागवान आणलं, त्यात डेकवरचा रहाट आला. उभा जाड खांब, डोक्याशी भोकं, भोकांत लांब दांडे. दांडे ढकलत गोल फिरायचं, की दोर खांबाला गुंडाळत जातो आणि समुद्राच्या तळातला नांगर वर येतो. बुडाशी लोखंडी खटका — रहाट उलटा फिरू नये म्हणून. शेठने तो आवारात रोवला आणि आम्ही ट्रकवरची मशिनं त्याने ओढू लागलो.

त्या दुपारी मशीन उतरवून झालं होतं. दोराचा आकडा मोकळा, फाटकाजवळ पडलेला. माझा धाकटा भाऊ दिलीप रहाटावरचे वेढे हाताने सारखे करत होता.

आणि आकडा सरकला... एकटाच! फाटकाखालून बाहेर गेला, दोर ताणला, वेढे दिलीपच्या हातावर आवळले.

"मना हात सापडना भाऊ! दोर तोड, दोर!" हात अडकला म्हणून दिलीप आमच्या अहिराणीत ओरडला.

खटका तुटून माझ्या कानाजवळून गेला. रहाट उलटा फिरला, दिलीपला घेऊन. दांड्याने एका हमालाचा जबडा फोडला. मी कुऱ्हाड उचलली, तर शेठ आडवा आला.

"रस्सी मत काटो, नयी है!"

कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या तोंडावर हाणला. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. मग दोरावर घाव घातले. तुटला तसा तो सपकन बाहेर गेला. मीही कुऱ्हाड घेऊन मागे धावलो — ओढणाऱ्याला जिवंत सोडणार नव्हतो.

बाहेर फक्त चहावाला, हातात गाळणी.

"कौन खींच रहा था?"

"कोई नहीं... रस्सी अकेली गयी, भैया."

सरळ, मोकळा रस्ता. दोर कुठेच नाही. समुद्र तर तिथून कितीतरी लांब!

दिलीपचा हात कोपरापासून काढावा लागला. रहाट मी स्वतः फोडून बॉयलरमध्ये घातला. खूप जणांना विचारलं, कोणालाच उलगडा करता आला नाही. "जाऊ दे ना भाऊ," दिलीप म्हणतो. त्याला जमतं. मला नाही जमत... कोणा माणसाने केलं असतं तर शोधून ठेचला असता. आता मी मारू कोणाला?