लवकर पोहोचल्याचा दंड

मथुराक्काच्या गाडीत बसायची एक पद्धत होती. एक पाय आपण आत टाकायचा, दुसरा आपोआप यायचा. कारण तोवर गाडी सुटलेली असायची. उरण-पनवेल रस्त्यावर त्या दुसऱ्या पायातल्या इतक्या चपला गळाल्या, की कुणी गोळा केल्या असत्या तर पनवेलच्या बाजारात फक्त डाव्या चपलांचं एक दुमजली दुकान उभं राहिलं असतं. कुणी बोंब मारलीच तर आक्का आरशातसुद्धा न बघता म्हणायची, "चप्पल उद्या पन मिलंल. म्हावरा उद्या नाय मिलनार."

म्हावरा म्हणजे मासळी. उरणकडच्या एका कोळीवाड्यातून सकाळी सगळ्या बायकांच्या पाट्या आपल्या काळ्या अँबॅसेडरमध्ये भरायच्या आणि पनवेलच्या मासळीबाजारात सगळ्यांच्या आधी उतरवायच्या, हे तिचं काम. ती पोहोचायची तेव्हा पापलेटांना अजून आपण समुद्राबाहेर आलोय याची खबर नसायची. मी त्या काळी बाजाराजवळ टायपिंगचा क्लास चालवायचो, म्हणून ती मला मास्तर म्हणायची. मी उशिरा गेलो तर माझ्यासाठी बोंबील बाजूला ठेवायची नाही, आणि वर म्हणायची, "मास्तर, बोटं जलद चालवतंस, मंग पाय का रं येवढं जड?"

गेल्या पावसाळ्यात आक्का गेली. भरपूर जगून, भांडून, हसून गेली. दिवसकार्याला तिच्या नातवंडांनी मला घेरलं. "मास्तर, आजी खरंच शर्यतीत पळाली होती? की तुमची नेहमीची थाप?" आता माझ्या बोलण्यात थोडं मीठ जास्त असतं हे मी कशाला नाकारू? पण खारवल्याशिवाय मासा टिकत नाही, तशी गोष्टही टिकत नाही. तेव्हा ऐका.

आक्काचा नवरा दर्यावर जायचा. एका वादळात त्याची होडी गेली ती परत आलीच नाही. मागे राहिली ही गाडी, आणि तिच्या कागदांवर नाव नवऱ्याचं. थोरला दीर धर्मा म्हणाला, भावाची गाडी भावाची. पंच बसले. धर्माचं नाक आधीच मोठं, त्या दिवशी तर ते त्याच्यापुढे अर्धा पाऊल चालत होतं. तो म्हणाला, "बाईमानसाच्या हातात गारी शोभत नाय. येवढी डायवर हाय, तर त्या मुंबैवाल्यांच्या शर्यतीत जाऊन दाखव."

मुंबईतल्या कुठल्याशा हौशी मंडळींनी पनवेल ते रत्नागिरी अशी गाड्यांची शर्यत ठेवली होती. जाहिराती चौकाचौकात लागल्या होत्या.

"जाते," आक्का म्हणाली. "पयल्या तिघांत आली तर गारी माझी."

"नाय आली तर माझ्या अंगनात."

पंचांनी माना डोलावल्या. आक्काची रोजीरोटी एका दिवसाच्या रस्त्यावर पणाला लागली.

शर्यतीचा एक नियम होता: गाडी कारखान्यातून आली तशीच असली पाहिजे, काही काढलेलं नको, काही जोडलेलं नको. आक्काच्या गाडीतली मागची सीट पाट्यांसाठी केव्हाच काढलेली. ती होती धर्माच्या ओटीवर, आणि सीटवर होता खुद्द धर्मा, विडी ओढत. आक्का समोर जाऊन उभी राहिली. "भावजी, उठा. शर्यत हाय." धर्मा उठला नाही. मग कोळीवाड्यातल्या चार बायकांनी सीट उचलली, धर्मासकट. गाडीच्या दारात सीट आडवी केली तेव्हा तो उतरला, असं म्हणतात. मी म्हणतो सांडला.

दुसरा नियम असा, की गाडीत नकाशा वाचणारा एक जोडीदार हवा. आक्काने मला विचारलं नाही, कळवलं. "मास्तर, इंग्रजी येते ना? बस."

आणि तिसरा नियम, ज्याने सगळा घोळ केला. रस्ता रहदारीचा, त्यावर कुणी उधळू नये म्हणून प्रत्येक ठाण्यावर पोहोचायची वेळ ठरवून दिलेली. महाड, मग चिपळूण, मग रत्नागिरी. उशीर झाला तर गुण कापणार. आणि वेळेआधी पोहोचलात तर दुप्पट कापणार. जो अगदी वेळेवर पोहोचेल तो जिंकणार. हे मी आक्काला पनवेल सोडायच्या आधी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती शिळ्या कोलंबीकडे बघायची.

"लवकर जानाऱ्याला दंड? मंग बाजारात सगल्यांना फाशीच द्यायला पायजे! ते पोरं तुला फसवतान, मास्तर."

निशाण हललं. माझा दुसरा पाय पेणच्या अलीकडे गाडीत आला. पुढे गॉगल लावलेली, रुमाल बांधलेली मुंबईची मंडळी. आम्हाला पाहून आधी हसली. मग वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वळला आणि त्यांनी तेच रुमाल नाकाला लावले. सीट बसवली होती, गाडी तीनदा धुतली होती, पण इतक्या वर्षांची मासळी काय साबणाला ऐकते? वडखळपासून कोलाडपर्यंत प्रत्येक गावातली मांजरं रस्त्यावर येऊन उभी राहिली होती. नागोठण्याला तर एक बोका मला मंत्र्याच्या स्वागताला आल्यासारखा वाटला.

महाडच्या ठाण्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा अधिकारी अजून तंबूची दोरी बांधत होते. आक्का उतरली, पदर खोचला, विजयी मुद्रेने म्हणाली, "पयली!" टोपीवाल्या अधिकाऱ्याने घड्याळ बघितलं आणि शांतपणे गुण कापले.

आक्काच्या तोंडाचा पट्टा सुटला. "अरे ए टोपी! ताजा म्हावरा तुझ्या दारात लवकर आयला, तर तू कोलनीला दंड लावशील? तुझ्या लग्नात नवरी येलेच्या आधी आयली म्हनून मांडवातून हाकललीस काय? कुनी शिकवला तुला ह्यो न्याय?" सावित्री नदीच्या पलीकडे कपडे धूत असलेल्या बायका धुणं टाकून उभ्या राहिल्या. टोपीवाला बिचारा म्हणाला, "बाई, नियम आहे." आणि त्याने कान झाकायला टोपी खाली ओढली.

गाडीत बसल्यावर तिने दार असं आपटलं, की काच अर्धी खाली आली.  मी म्हणालो, "आक्का, गाडी हवी ना? मग चिपळूणला वेळेवर पोहोचू. घाईने गाडी जाईल."

"जाऊ तसंच," ती म्हणाली. पण कसं? परशुराम घाट उतरताना मी घड्याळ बघून म्हणालो, थांबावं लागेल, आपण फार लवकर आहोत. आक्काने गाडी थांबवली नाही. वळवली! घाट परत चढली, परत उतरली, पुन्हा चढली. वरच्या वळणावरचा एक शहाळेवाला पहिल्यांदा बघत राहिला, दुसऱ्यांदा त्याने नमस्कार केला, तिसऱ्यांदा त्याने शहाळं कापून हात पुढे केला आणि आक्काने ते चालत्या गाडीतून घेतलं. चिपळूणच्या ठाण्यावर आम्ही नेमक्या वेळेला शिरलो. एकही गुण गेला नाही. "बगितलंस?" ती म्हणाली. "थांबली नाय आनि येलेवर आली."

पण तो चढउतार इंजिनाला भोवला. संगमेश्वर ओलांडेपर्यंत बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. इंजिन चालू ठेवूनच पाणी घालत, फुंकर घालत, रत्नागिरीच्या अलीकडच्या उतारावर आलो तरी आम्ही वेळेच्या पुढेच होतो. शेवटचं ठाणं खाली गावात. आता वर-खाली करायची गाडीत ताकद नव्हती. थांबणं भाग होतं.

आक्काने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मी तिला ओळखत होतो तेवढ्या वर्षांत तिने रस्त्यात इंजिन बंद केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ती उतरून दाराला टेकली. समोर खाली समुद्र पसरलेला. संध्याकाळच्या होड्या एकेक करत बंदराकडे येत होत्या.

मी घड्याळ हातात धरून तिच्या शेजारी उभा राहिलो. 

"मी येकदाच वाट बगितली मास्तर," ती होड्यांकडे बघत म्हणाली. "बंदरावर. सगल्या बायका जेवायला गेल्या, निजायला गेल्या, परत आल्या. मी तितंच. तवापास्न कुनाची वाट नाय बगत. वाट बगितली की मानूस येत नाय, असं वाटतं मना."

एक होडी किनाऱ्याला लागली. कुणीतरी पोर पाण्यात धावत गेलं. आक्का बघत राहिली. मी हातातल्या घड्याळाकडे बघायचंच विसरलो. तीच म्हणाली, "झाली का येल?"

झाली होती. अगदी काट्यावर काटा. शेवटच्या ठाण्यातही आमचा एक गुण गेला नाही.

निकाल लागला. आम्ही चौथे. महाडच्या लवकर पोहोचण्याने तिसरा नंबर गेला. मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंना तो मिळाला. त्या आक्काच्या गळ्यात पडायला आल्या, वास आला, तरीही पडल्या. बाई चांगली होती.

परतताना मी म्हणालो, "आक्का, पंचांना सांगू, नियमच उलटे होते."

"काय सांगायचं नाय. शब्द दिला तो दिला."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः गाडी धर्माच्या अंगणात लावली, चावी त्याच्या पुढ्यात ठेवली, डोक्यावर पाटी घेतली आणि एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागली. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

धर्माने गाडीचे कागद आपल्या नावावर करून घेतले आणि तो गाडी चालवू लागला. धर्मा सज्जन ड्रायव्हर. ओळखीचा दिसला की थांबायचा, अनोळखी दिसला की ओळख काढायला थांबायचा. गव्हाण फाट्यावर चहा, पुढे विडी, त्याच्या पुढे पुन्हा चहा, कारण विडीने घसा सुकतो. म्हावरा पनवेलला पोहोचेपर्यंत गिऱ्हाइकांच्या घरी डाळ शिजून, जेवून, भांडी घासून झालेली असायची. बोंबलांना इतका कंटाळा यायचा की ते पाटीतच सुकायला लागायचे. शेवटी एका सकाळी कोळीवाड्यातल्या बायकांनी पाट्या भरल्या आणि गाडीत ठेवल्याच नाहीत. धर्माची स्वतःची बायको सगळ्यात पुढे. ती म्हणाली, "मथुरा चालवल तवा भरू. नायतर तुमी तुमची गारी घ्या आनि दर्यात शेवंडी धराया जा तिच्यातून."

धर्मा चावी घेऊन आक्काच्या दारात आला. मी तिथेच होतो, बोंबलांच्या निमित्ताने. त्याचं नाक त्या दिवशी बरंच मागे सरकलं होतं.

"घे मथुरा. चालव."

आक्काने चावीला हात लावला नाही. "चावी नको, भावजी. चावी आज देशाल, उद्या मागशाल. गारी माझ्या नावावर करा."

"कागदाचं काय येवढं? घरातलंच हाय ना सगलं!"

"घरातलंच हाय ना? मंग सही कराला हात का जड होते?"

धर्माने माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी बोंबील मोजत होतो.

आर.टी.ओ.च्या कचेरीत आम्ही तिघे गेलो. खिडकीपुढे रांग, खिडकीत एक झोपाळू कारकून. त्याने मान वर न करता विचारलं, "नवीन मालकाचं नाव?"

"मथुराबाई," आक्का म्हणाली.

"पूर्ण. मधलं नाव, नवऱ्याचं."

आक्का थबकली. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घेतलं तर उखाण्यात, हसत-लाजत. थोरल्या दिरासमोर तर तेही नाही. संसार झाला, नवरा दर्यात गेला, तरी ते नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. धर्मा घाईघाईने पुढे झाला. "मी सांगतो, लिवा..."

आक्काने हात आडवा करून त्याला थांबवलं. पदर सारखा केला. एक श्वास घेतला, आणि बंदरावरून खाडीच्या मुखापर्यंत ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली, "मथुराबाई नारायन कोली!"

अख्खी कचेरी उभी राहिली. टेबलावरचे कागद उडाले; पंखा बंद होता, हे मी शपथेवर सांगतो. धर्मा खाली मान घालून उभा होता. कारकुनाच्या हातातून लेखणी पडली. तो चिडून म्हणाला, "अहो बाई, हळू बोला की. मला ऐकू येतं."

आक्काचे डोळे कारकुनाच्या पलीकडे, दर्याच्या दिशेला लागले होते.

"तुमच्यासाठी नाय वरडली," ती म्हणाली.