पिसोरी आणि अळंबी

प्राणिसंग्रहालयात सगळे तिला मावशी म्हणायचे. वाघ-बिबट्यांचे रखवालदार ऐटीत चालायचे. मावशीच्या वाट्याला आली होती पिसोरी. सशाएवढं हरीण, काडीसारखे पाय, नखाएवढे खूर. जरा खुट्ट झालं की ओंडक्याआड गडप. म्हणून मावशी आत पाऊल टाकण्याआधी हळूच खाकरायची.

त्या सकाळी ओंडक्यापाशी पांढुरक्या ठिपक्यांची तपकिरी पाठ दिसली. "आज बरी बाहेर बसलीस गं," म्हणत ती वाकली. ती पाठ नव्हतीच. एकमेकींना चिकटून उगवलेल्या अळंब्या होत्या. त्यांतल्या एकीची कड खाल्लेली.

जनावरांची डॉक्टर धावत आली. तरुण पोर, पण उगाच धीर देणारी नव्हती.

"विषारी आहे का?"

"नुसतं बघून नाही सांगता येणार, मावशी. तुकडा तपासायला पाठवते."

"मग तोवर औषध द्या ना."

"त्यासाठी हिला धरून नळी घालावी लागेल. घाबरूनच जीव गेला तर?"

"पालापाचोळा मीच टाकला होता, डॉक्टरबाई. तिला मऊ बसायला."

डॉक्टर शेजारी उकिडवी बसली. "अळंबी वर दिसते तेवढीच नसते, तिचा सगळा पसारा मातीत. पिसोरीही तशीच. आतून दुखलं तरी शेवटपर्यंत दाखवणार नाही. तुमची तिला सवय आहे, तुम्हीच लक्ष ठेवा."

मावशी जाळीबाहेर बसून राहिली. दुपारी नवऱ्याचा फोन आला. "जेवलीस का?"

"नाही, अजून तोंडसुद्धा लावलं नाही तिनं."

"अगं, मी तुझं विचारतोय!"

एरवी ती हसली असती. ओंडक्याआडून कान हलला की तिला हायसं वाटे. मग वाटे, हा जरा जास्तच हलतोय का?

ऊन उतरल्यावर पिसोरी बाहेर आली. पुढचा पाय उचलून थबकली. लटपटला का तो? पिसोरीनं केळ्याचा तुकडा हुंगला, सोडला, पुन्हा हुंगला आणि खाल्ला. मग बसून रवंथ करू लागली. मावशी पाय न वाजवता डॉक्टरला सांगायला गेली.

अळंबी विषारी नाही, असा निरोप दुसऱ्या दिवशी आला. पाचोळा काढला, माती बदलली. तरी काही दिवसांनी ओल्या कोपऱ्यात अळंबीची एक टोपी वर आलीच. मावशीनं ती उपटून टाकली आणि रजा रद्द केली.

"लेकीकडे जायचं होतं ना?" नवऱ्यानं विचारलं.

"तिलाच इकडे बोलाव," मावशी म्हणाली.