आवाज नसलेला कीबोर्ड

मला काय हवं होतं ते मला नीट ठाऊक होतं. एवढी साधी गोष्ट कुणाला पटवायला एवढा त्रास का व्हावा, याचा राग मला अजून येतो.

तेव्हा बीडमध्ये गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते. आमच्या घरातही पुढच्या खोलीत एक निघाला. सासऱ्यांचं बांगड्यांचं दुकान थोरल्या दिरांनी सांभाळलं आणि माझ्या यजमानांनी हा नवा धंदा काढला. सकाळ-संध्याकाळ पोरं यायची, दुपारी मशिनी रिकाम्या असायच्या. जेवणं उरकली की मी त्यातल्या कोपऱ्यातल्या मशिनीवर बसायचे. एका मासिकासोबत आलेल्या सीडीत संगीत बनवायचा प्रोग्राम होता. पडद्यावर आडव्या रेघा, त्यावर माऊसने टिंबं ठेवायची. टिंब म्हणजे सूर. ठेवायचा, ऐकायचा, सरकवायचा, परत ऐकायचा. पेटीवर जी ओळ एका श्वासात वाजते तिच्यासाठी अख्खी दुपार जायची.

पेटी मला येत होती. माझं माहेर सिरसाळ्याचं. वडिलांचं सरकी-पेंडीचं दुकान, आणि सोमवारी रात्री घरी शिवभजन. वडिलांचा हात दुखायचा तेव्हा भाता मी मारायचे, आणि भाता मारता मारता पट्ट्यांवरही हात बसला. लग्नात भांडी आली, कपाट आलं, पेटी आली नाही. "सासरी काय पेटी वाजवत बसणार हाय का ती?" असं भाऊ म्हणाला, आणि ती त्याच्याच घरात राहिली. त्याला सा कुठला आणि प कुठला हेही कळत नव्हतं.

तर त्याच मासिकात मी एका लहानशा कीबोर्डबद्दल वाचलं. त्याला स्वतःचा आवाज नसतो. कुठली पट्टी दाबली आणि किती जोरात दाबली, एवढंच तो कॉम्प्युटरला कळवतो. आवाज कॉम्प्युटर काढतो. दोनच सप्तकं, म्हणजे टेबलावर पडद्यापुढे मावणारा. डाव्या बाजूला एक चाक, ते फिरवलं की सूर घसरत वर-खाली जातो. त्या चाकावर मी फार वेळ थांबले. पेटीवर मींड निघत नाही. पेटीचा सूर पायरीवरून पायरीवर उडी मारतो, गळ्यासारखा वाहत नाही. वडील याला फार चिडायचे.

मी यजमानांना म्हणाले, "मला कीबोर्ड पायजे."

"हायत की चार. कोणता बिघडला?"

समजावून सांगितल्यावर ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. माणूस चांगला आहे, हे इथेच सांगून ठेवते, कारण पुढे माझा राग त्यांच्यावरही निघणार आहे.

एसटीडी बूथवरून मी पुण्याच्या एका वाद्यांच्या दुकानात फोन लावला. कॉम्प्युटरला जोडायचं मागचं पाच पिनांचं गोल सॉकेट आहे ना, हलकं आणि जोरात दाबण्यातला फरक कळतो ना, असं विचारत होते, तर पलीकडून आवाज आला, "घरात कुणी जेंट्स आहेत का? त्यांना द्या फोन." बूथवाला ऐकत होता. मी म्हटलं, "मीच बोलतेय, मलाच सांगा." तो म्हणाला, "सगळं मिळेल, साहेबांना घेऊन या."

साहेबांना घेऊन गेले. दुकानात शिरल्यापासून त्या गोऱ्या, घोटीव चेहऱ्याच्या मालकाने माझ्याकडे पाहिलंच नाही. मी विचारायचे आणि तो उत्तर यजमानांना द्यायचा. मी म्हटलं, लहान हवाय, आवाज नसलेला. तो यजमानांना म्हणाला, "साहेब, आवाज नसलेलं वाद्य घेऊन करणार काय? उद्या परत भांडायला याल." आणि त्याने काउंटरवर एक लांबलचक धूड ठेवलं. दोन्ही अंगाला स्पीकर. एक बटण दाबलं की ढोलकी, दुसरं दाबलं की बँडबाजा. "मॅडमना भजनाला एकदम बेस्ट. शिकायचीसुद्धा गरज नाही, एका बोटाने वाजतं."

मला भजन शिकवणारा हा कोण? मी एक पट्टी हळूच दाबली, मग जोरात दाबली. आवाज तेवढाच. मग मी ते धूड फिरवून मागे पाहिलं. गोल सॉकेट नव्हतंच.

"याला ते सॉकेट नाहीये," मी म्हटलं.

"आहे ना, हे काय," म्हणून त्याने हेडफोनच्या भोकाला बोट लावलं.

"ते हेडफोनचं आहे. मी म्हणतेय ते वेगळं असतं."

तो हसला आणि यजमानांना म्हणाला, "साहेब, तुम्ही कॉम्प्युटरवाले. तुम्हीच जरा मॅडमना समजावा."

यजमान चार लोकांपुढे अवघडले. कॉम्प्युटरवाले म्हटल्यावर माहीत नाही म्हणायची चोरी. ते त्या भोकाकडे बघून म्हणाले, "व्हईल काहीतरी जुळवून. मोठा हाय, उपयोगी पडंल." आणि झालं, ते धूड बांधलं गेलं.

नगरपर्यंत मी एसटीत एक शब्द बोलले नाही. कंडक्टरने त्याचं लगेज तिकीट फाडलं तेव्हा फक्त म्हणाले, "जास्तीचं घ्या, आमचं अक्कलखातं पण बरोबर हाय." कंडक्टरला कळलं नाही. यजमानांना कळलं.

घरी गल्ली गोळा झाली. क्लासची पोरं एकेक बटण दाबून नाचली. मी नाचणाऱ्यांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी यजमानांनी केबल आणली, कॉम्प्युटरच्या मागे जॉयस्टिकच्या जागी एक टोक घातलं आणि दुसरं टोक हातात धरून त्या धुडाभोवती फिरत राहिले. शेवटी खाली बसले. "तू म्हणत होतीस ते खरं हाय. जागाच न्हाई याला."

"मी तिथंच म्हणत होते."

"हो."

"मग तिथं हो कावून न्हाई म्हणलात?"

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांना मी आत्या म्हणायचे. त्या सहसा आमच्या दोघांत पडत नसत. त्या दिवशी पडल्या. म्हणाल्या, "याच्या बापाला मी पायाची शिलाई मशीन आणा म्हणलं व्हतं. दोन्ही हात मोकळे राहतात. त्यानं हाताची आणली. कावून, तर दुकानदार म्हणला, बायकांना हीच बरी. जलमभर एका हातानं चाक फिरवलं आन् एका हातानं कापड धरलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ते गाठोडं परत बांध. मी येते तुझ्यासंगं. हा राहू दे घरी."

आम्ही दोघी पहाटेच्या गाडीने निघालो. आत्या सत्तरीकडे झुकलेल्या, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, हातात पिशवी. दुकानात गर्दी होती. मालकाने खोकं पाहिलं आणि आमच्या मागे नजर टाकली, साहेब दिसतायत का म्हणून.

"उघडलेला माल परत घेत नाही," तो म्हणाला, तेही दाराकडे बघून.

"हिच्याकडं बघून बोला," आत्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. बांगड्यांच्या दुकानात जन्म गेलेली बाई, गिऱ्हाईक आणि मालक दोघांची नाडी तिला ठाऊक. "तुमी भिंतीसंगं बोलायलात. वस्तू हिला पायजे, हिनं मागितली एक, तुमी दिली दुसरी. लेकराला चप्पल मागितली तर टोपी देता का?"

गिऱ्हाइकं हसली. मालकाला ते लागलं. मी मग नीट, एका दमात सांगितलं: गोल सॉकेट हवं म्हणून मी फोनवर विचारलं होतं, इथे दुकानात पुन्हा विचारलं होतं, आणि तुम्ही हेडफोनचं भोक दाखवलंत. ते खोटं होतं की तुम्हाला माहीत नव्हतं, एवढं या लोकांपुढे सांगा. दोन्हीतलं कुठलंही उत्तर त्याला परवडणारं नव्हतं. त्याने ते धूड परत घेतलं आणि आतून दोन लहान खोकी मागवली.

आता खरी निवड. एकाच्या पट्ट्या जास्त, पण खेळण्यातल्यासारख्या बारीक. दुसऱ्याच्या पट्ट्या दोन सप्तकांपुरत्याच, पण पेटीएवढ्या रुंद. पहिल्याच्या पट्ट्यांवर माझी बोटं एकमेकांवर चढत होती. पेटीवर बसलेल्या हाताला अंतर पाठ असतं, ते अंतर मोडलं की सगळंच मोडतं. मी दुसरा घेऊन प्रत्येक पट्टी दाबून पाहिली. वरच्या सप्तकातली एक दाबली की वर यायला आळस करत होती. म्हटलं, "हा नको, याच जातीचा दुसरा दाखवा." चाकाचं बघितलं, सोडलं की आपोआप मधोमध येतं का. मग त्यांच्याच कॉम्प्युटरला जोडून मागितला. हलकं दाबलं तर हलकं, जोरात दाबलं तर जोरात. चाक फिरवलं आणि गंधार मध्यमाकडे वाहत गेला. आत्या म्हणाल्या, "हे गळ्यागत हाय की."

मालक म्हणाला, "एकदा साहेबांना फोन लावून विचारता का? नंतर परत..."

मी म्हटलं, "पावती करा. माझ्या नावाने."

घरी तो कीबोर्ड टेबलावर पडद्यापुढे अगदी बेतल्यासारखा बसला. थोरले दीर बघायला आले, एक पट्टी दाबली, आवाज आला नाही. मशीन बंद होती, आवाज कुठून येणार? तरी ते अंगणात जाऊन सगळ्यांना सांगत सुटले, "फशिवलं पुन्ना. मुका बाजा घेऊन आल्या." मी धावत जाऊन त्यांना परत आणलं, मशीन चालू केली, वाजवून दाखवलं. ते म्हणाले, "मग हा तर कॉम्प्युटर वाजतोय." मी सोडून दिलं.

त्या वर्षी गल्लीतल्या बायकांची भजनं मी दुपारी कॉम्प्युटरवर भरून घेतली, साथ माझ्या कीबोर्डची. आत्याही गायच्या. कपिलधारच्या यात्रेत विकायला गावातल्या भजनी मंडळाने त्यांची कॅसेट काढली. मंडळाचे अध्यक्ष घरी पेढे घेऊन आले आणि कॅसेट यजमानांच्या हातात दिली. वेष्टणावर मंडळाचं नाव, अध्यक्षांचा फोटो, आणि खाली, संगीत: माझे यजमान. बायकांपैकी एकीचंही नाव नाही.

मी ते वेष्टण किती वेळ हातात धरून उभी होते कोण जाणे. यजमानांनी ते वाचलं, आणि या वेळी मी काही बोलायच्या आत त्यांनी अध्यक्षांना सांगितलं, "हे चुकीचं हाय. मी यात एक सूर पण लावला न्हाई. हिचं हाय हे."

"हां हां, घरातलंच ना सर," अध्यक्ष म्हणाले. "एकच झालं."

एकच झालं! त्या संध्याकाळी यजमानांनी क्लासच्या प्रिंटरवर चिठ्ठ्या काढल्या. बायकांची नावं, माझं नाव. आम्ही दोघांनी त्या हाती आलेल्या प्रत्येक कॅसेटवर चिकटवल्या. गोंद माझ्या नखांत राहिला होता. यात्रेत काही गठ्ठे आमच्या हाती लागायच्या आधीच विकले गेले होते, त्यांवर यजमानांचंच नाव राहिलं.

पुढच्या वर्षी अध्यक्ष पुन्हा आले. मी म्हटलं, नावं आधी ठरवू, मग गाणी. ते म्हणाले, "वैनी, देवाच्या कामात नाव कशाला?"

"मग तुमचा फोटो कावून छापलात?"

ते चहा अर्धा ठेवून उठले. त्यांची कॅसेट लातुरात झाली, पुरुषांच्या आवाजात. मला कुणीतरी आणून दिली, मी ऐकली नाही.

आमची कॅसेट आम्ही घरीच भरली. आत्यांचा आवाज तोवर कापायला लागला होता, तरी पहिली ओळ त्यांनीच धरली. मध्येच लाईट गेली आणि भरलेलं सगळं गेलं. बायका पदराने वारा घेत तिथेच बसून राहिल्या. लाईट आल्यावर मी मशीन परत चालू केली, आणि त्यांना सूर दिला.